डोमेन नावांची मूळ यादी कुणाच्या हाती? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या सहकारी बँकांना २०२५ मध्ये आपल्या वेबसाइटचे पत्ते बदलावे लागले. रिझर्व्ह बँकेने एप्रिलमध्ये परिपत्रक काढून देशातल्या सगळ्याच बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर यायला सांगितलं होतं. बँकेच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन खातेदारांना गंडवणाऱ्यांना आळा बसावा, हा त्यामागचा हेतू. ही नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे होते. तिच्या वर 'डॉट इन'चा कारभार पाहणारी निक्सी. आणि नावांच्या या साखळीत निक्सीच्या वर? तिथे भारत सरकार नाही. 'डॉट इन' हे टोक जगाच्या ज्या मूळ यादीत लिहिलेलं आहे, ती यादी लॉस एंजेलिसची आयकॅन ही ना-नफा संस्था सांभाळते. तिच्याकडेच ती का असावी, यावर पाव शतकाहून अधिक काळ भांडण चालू आहे.

अगदी सुरुवातीला नेटवर्कला जोडलेल्या सगळ्या संगणकांची नावं एका साध्या फाइलमध्ये मावत. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर यांचा गट ती फाइल ठेवायचा. संगणक वाढले तशी ती आवरेना. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजची पद्धत मांडली: नाव टिंबांनी तोडायचं, प्रत्येक तुकड्याची जबाबदारी वेगळ्याकडे द्यायची, आणि सगळ्यांच्या वर एक मूळ यादी ठेवायची. ही यादी जॉन पोस्टेल या संशोधकाच्या देखरेखीखाली असे. कुठल्या देशाचं टोक कुणाला सोपवायचं हेही तेच पाहत. 'डॉट इन' १९८९ मध्ये याच व्यवस्थेतून भारताकडे आलं. लोकांचा पोस्टेल यांच्यावर विश्वास होता, म्हणून कारभार चालला. लेखी अधिकार फारसा कुणाकडेच नव्हता.

पैसा आला आणि चित्र पालटलं. 'डॉट कॉम'ची नोंदणी पाहणाऱ्या नेटवर्क सोल्युशन्स कंपनीने १९९५ पासून वर्षाला ५० डॉलर घ्यायला सुरुवात केली. एका कंपनीला ही मक्तेदारी कुणी दिली, असा सवाल उठला. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मूळ सर्व्हर, म्हणजे ही मूळ यादी जगाला पुरवणारे संगणक, चालवणाऱ्या आठ जणांना ईमेल पाठवला: यापुढे यादी कंपनीच्या संगणकावरून घेऊ नका, माझ्याकडून घ्या. त्यांनी ऐकलं! क्लिंटन सरकारचे सल्लागार इरा मॅगझिनर यांनी खडसावल्यावर पोस्टेल यांनी सगळं पूर्ववत केलं आणि ती केवळ चाचणी होती असं सांगितलं. दोनच दिवसांत अमेरिकी सरकारने नव्या व्यवस्थेचा मसुदा जाहीर केला. सप्टेंबरअखेर आयकॅनची नोंदणी झाली आणि १६ ऑक्टोबरला पोस्टेल गेले. संस्था खासगी असली, तरी मूळ यादीतल्या बदलांवर अमेरिकी वाणिज्य खात्याचा करार आणि शिक्का कायम राहिला.

त्याच १९९८ मध्ये इकडे वारणानगरला एक धाडसी प्रयोग सुरू झाला. वारणा खोऱ्यातल्या ७० गावांत संगणक केंद्रं उघडली. उसाची नोंद, वजन, बिल, तोडीचा कार्यक्रम या गोष्टी शेतकऱ्याला कारखान्यावर न जाता गावातच कळाव्यात, अशी कल्पना होती. गावं इंटरनेटच्या उंबरठ्यावर आली होती, आणि नावांचा कारभार कुणी करायचा याचा निर्णय मात्र त्यांना ठाऊकही नसलेल्या ठिकाणी होत होता.

या इतिहासात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते २००० सालचं प्रकरण, आणि नेमका त्याचाच उल्लेख कमी होतो. त्या वर्षी आयकॅनने सामान्य वापरकर्त्यांना थेट मत दिलं होतं. जगभरातल्या सुमारे ३४ हजार लोकांनी ऑनलाइन मतदान करून पाच संचालक निवडले, जगाच्या एकेका भागातून एक. युरोपातून तर जर्मनीतल्या हॅकर संघटनेचे प्रवक्ते अँडी म्युलर-मागुन निवडून आले. गैरप्रकार होतील, मतदार खरे कोण हे कळणार नाही, अशी कारणं पुढे आली आणि २००२ च्या फेररचनेत ही थेट निवडणूक मोडीत निघाली. कारखाना, दूध संघ, सोसायटी यांच्या निवडणुका पाहत वाढलेल्या कोल्हापूरकराला हे पटणं अवघड आहे. मतदार यादीत घोळ असला तर यादी दुरुस्त करतात, सभासदाचं मत काढून घेत नाहीत.

त्यानंतर वाद सरकारांच्या हाती गेला. २००३ ची जिनिव्हा आणि २००५ ची ट्युनिस इथली जागतिक परिषद याच प्रश्नावर अडली. एका देशाच्या खात्याकडे साऱ्या जगाची यादी का, हा आक्षेप रास्तच होता. २०११ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत ५० देशांच्या समितीचा प्रस्ताव ठेवला. त्यात निर्णय सरकारांचा राहणार होता. कंपन्या, तज्ज्ञ आणि नागरिक फक्त सल्ला देणार. देशातूनच त्यावर टीका झाली आणि २०१५ पर्यंत भारताने सर्व घटकांच्या सहभागाची बाजू घेतली. मधे २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी पाळत उघडी पाडल्याने वॉशिंग्टनची बाजू लंगडी झाली होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेने देखरेख सोडण्याची घोषणा केली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी तो करार संपला.

सरकारांना दूर ठेवल्याचा फायदा २०२२ मध्ये दिसला. रशियाशी युद्ध सुरू झाल्यावर युक्रेनने 'डॉट आरयू' हे रशियाचं टोक काढून टाकण्याची मागणी केली. युक्रेनचं दुःख खरं होतं, तरीही आयकॅनने नकार दिला, आणि तो योग्यच होता. आज एका देशाचं टोक काढलं, तर उद्या कुणाचंही काढता येईल.

पण कंपन्यांच्या बाजूला तोल झुकलेला आहेच. १९९९ पासून डोमेन तंट्यांसाठी जी जलद प्रक्रिया आहे, ती ट्रेडमार्कवाल्यांसाठी. भौगोलिक मानांकनांचा, म्हणजे एखाद्या भागातल्या खास मालाच्या नावाला मिळणाऱ्या संरक्षणाचा (जीआय) विचार जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने २००१ च्या अहवालात केला, पण त्यांना ही प्रक्रिया लागू झाली नाही. फ्रान्स आणि युरोपीय संघ 'डॉट वाइन'वरून याच कारणासाठी भांडले. कोल्हापुरी चपलेला मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांचं मिळून. तरी परदेशात कुणी 'कोल्हापुरी' नावाचं डोमेन घेऊन कारखान्यातला माल विकू लागला, तर इथल्या कारागिराला निव्वळ त्या मानांकनाच्या जोरावर या प्रक्रियेत दाद मागता येत नाही. उलट, शहरासाठी म्हणून कुणी 'डॉट कोल्हापूर' मागितलं, तर त्याला इथल्या शासनाचं संमतीपत्र जोडावं लागेल, आणि नवी टोकं मागण्याच्या २०२६ च्या फेरीची २,२७,००० डॉलर, म्हणजे सुमारे दोन कोटी रुपये फी भरावी लागेल.