पार्श्वभूमी : कृष्णवर्णीयांच्या केसांसाठी वेगळा कायदा का लागला

अमेरिकेत 2019 पासून एकेका राज्यात 'क्राउन' कायदा मंजूर होत गेला. केसांचा पोत पाहून, किंवा वेण्या, ट्विस्ट (दोन बटा एकमेकींभोवती पिळून केलेले पेड), लॉक्स (केस एकत्र वळून झालेल्या, जटेसारख्या दिसणाऱ्या बटा) अशा रचना पाहून कुणाला नोकरी नाकारता येणार नाही, शाळेतून घरी पाठवता येणार नाही, असे हा कायदा सांगतो. आज दोन डझनांहून अधिक राज्यांत तो लागू आहे. वंशभेदाला बंदी करणारा केंद्रीय कायदा तर 1964 सालचा आहे. मग केसांपुरता वेगळा कायदा करण्याची वेळ का आली? मागे बरेच काही घडून गेले होते, पण गाठ बसली ती न्यूयॉर्कच्या एका कोर्टात, डिसेंबर 1981 मध्ये.

त्याआधीचे थोडक्यात. स्पॅनिश अंमलाखालच्या लुइझियानात 1786 साली गव्हर्नरने हुकूम काढला, की गुलामीत नसलेल्या कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्त्रियांनी केस फडक्याने झाकावेत. त्यांनी उंची, रंगीत फडकी अशा काही ऐटीत बांधली की हुकूम काढणाऱ्यांचा हेतूच बाजूला पडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तापवलेला धातूचा कंगवा घरोघरी आला आणि पुढे रिलॅक्सर, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या क्षाराने केस कायमचे सरळ करणारे मलम. टाळूला भाजले तरी बायका ते लावत, कारण सरळ केसांशिवाय कार्यालयात कुणी उभे करत नव्हते. 1960 च्या दशकात नागरी हक्कांच्या आणि कृष्णवर्णीय अस्मितेच्या चळवळींबरोबर अफ्रो, म्हणजे डोक्याभोवती गोलाकार फुललेले केस, आला. केस आहेत तसे वाढू द्यायचे, ही त्या काळी उघड राजकीय भूमिका होती.

कोर्टांना अफ्रो लवकर पटला. इंडियानापोलिसच्या एका विमा कंपनीतील कर्मचारी स्त्रीने तक्रार केली होती, की अफ्रो घेऊन कंपनीचे प्रतिनिधित्व करता येणार नाही, असे सांगून वरिष्ठांनी तिची बढती अडवली. 1976 मध्ये अपील कोर्टाने ही तक्रार वंशभेदाचीच असल्याचे मान्य केले. प्रश्न सुटला, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल.

पाच वर्षांनी न्यूयॉर्कचा खटला आला. विमान कंपनीत सुमारे अकरा वर्षे काम केलेली कृष्णवर्णीय कर्मचारी कॉर्नरोज घालून कामावर आली. कॉर्नरोज म्हणजे टाळूला लागून, ओळीने विणलेल्या बारीक वेण्या. कंपनीच्या नियमात सगळे केस वेण्यांत घालायला बंदी होती. ही आपल्या समाजाची जुनी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रचना आहे, असे तिने कोर्टात मांडले. कोर्टाने दावा फेटाळला. निकालाचा गाभा असा : अफ्रो हा केसांच्या नैसर्गिक वाढीचा भाग, त्यावर बंदी घातली तर कदाचित कायदा मोडेल; वेणी मात्र माणसाने घातलेली, केव्हाही सोडता येणारी, तेव्हा ती वंशाचा भाग ठरत नाही. त्यातच, 1979 च्या एका हॉलिवूड चित्रपटात गोऱ्या नटीने अशा वेण्या घातल्या होत्या आणि ही कर्मचारी त्यानंतरच वेण्या घालून आली, याचाही उल्लेख निकालात आहे. आफ्रिकेतून आलेली, गुलामीतही टिकलेली रचना कोर्टाच्या कागदावर गोऱ्या नटीच्या फॅशनच्या पाठोपाठ आली. मला या निकालातली सर्वांत लागणारी जागा मात्र वेगळी वाटते. कामाच्या वेळेत वेण्या अंबाड्यात घालून त्यावर खोटे केस बसवावेत, अशी तडजोड कंपनीने सुचवली होती. त्याने डोके दुखते, अशी तिची तक्रार होती. त्यावर कोर्टाचे उत्तर होते, की मग खोट्या केसांचा आणखी मोठा तुकडा घ्यावा.

'वाढलेले' केस आणि 'घातलेले' केस अशी रेघ कोर्टाने ओढली, ती या केसांना मुळात लागूच पडत नाही. सरळ केसाचा छेद बहुधा गोल असतो, या केसाचा चपटा, लंबगोल. मुळापासूनच तो स्प्रिंगसारखा वळत बाहेर येतो. टाळूचे तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. इथे ते वळणावळणावर अडते. त्यामुळे टोके कोरडी राहतात आणि केस वळणाशी तुटतो. रोज फणी फिरवली तर महिन्यांची वाढ फणीत येते. म्हणून 'वॉश डे' असतो, आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा, आणि त्यात अर्धा दिवस सहज जातो. केसांचे भाग पाडून चापांनी अडकवायचे. ओल्या केसांत भरपूर कंडिशनर घालायचा. एकेक भाग सोडून गुंता आधी बोटांनी आणि मग जाड दातांच्या कंगव्याने काढायचा, तोही टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे सरकत. ओल टिकावी म्हणून वरून क्रीम आणि तेल. केस ओलसर आहेत तोवरच वेण्या किंवा दोनपेडी ट्विस्ट घालून टाकायचे. असे बांधलेले केस गुंतत नाहीत, टोके झाकलेली राहतात आणि कित्येक दिवस फणीची गरज पडत नाही. झोपताना सॅटिनची टोपी, कारण सुती अभ्रा केसांतली ओल शोषून घेतो.

याला 'प्रोटेक्टिव्ह स्टाइल', म्हणजे केस जपणारी रचना, म्हणतात, आणि 2019 च्या कायद्यात जवळपास हाच शब्दप्रयोग आहे. अफ्रोसुद्धा आपोआप उभा राहत नाही. रात्री सैल वेण्या घालायच्या, सकाळी सोडून लांब दातांच्या कंगव्याने मुळापासून फुलवायचे, तेव्हा तो गोलाकार दिसतो. कोर्टाने ज्याला निसर्ग म्हटले त्याच्यामागेही वेणीच होती. वेणीलाही मर्यादा आहेत. फार घट्ट ओढली की कपाळाकडची बारीक लव आणि मुळे कायमची जातात. चांगली वेणी घालणारी बाई म्हणूनच हात सैल ठेवते.

लॉक्सबद्दल एक खुलासा आवश्यक वाटतो. महाराष्ट्रात मुलीच्या डोक्यात जट आली की देवीचे बोलावणे समजून तिला देवीला सोडले जाई. जट कापणे ही तिची सुटका असे, आणि त्यासाठी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे मोहीम चालवली. लॉक्सकडे त्या नजरेने पाहून चालणार नाही. ते ठरवून घातले जातात, धुतले जातात, मुळाशी आलेली नवी वाढ वरचेवर वळवून घेतली जाते. ठेवायचे की कापायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

1981 चा निकाल पुढची जवळजवळ चार दशके पुन्हापुन्हा आधाराला घेतला गेला. मार्च 2014 मध्ये अमेरिकी लष्कराने नवी नियमावली काढून ट्विस्ट आणि लॉक्स यांवर बंदी घातली. 'गुंतलेले आणि अस्ताव्यस्त' असे शब्द त्या नियमात होते. सैनिक स्त्रियांनी विचारले, की दिवसदिवस हेल्मेट घालणाऱ्या बाईने हे केस बांधायचे तरी कसे? ओरड झाली, ऑगस्टमध्ये ते शब्द वगळले, ट्विस्टला परवानगी मिळाली. लॉक्सला ती मिळायला 2017 उजाडले.

त्याआधी 2016 मध्ये मोठा धक्का बसला होता. अलाबामातल्या मोबाइल शहरात 2010 साली एका स्त्रीला ग्राहकसेवेची नोकरी देऊ केली होती. मुलाखत झाली, निवड झाली, मग लॉक्स कापायला सांगितले. तिचे लॉक्स नीटनेटके होते. तरी 'असे केस पुढे अस्ताव्यस्त होतात' हे कारण तिला देण्यात आले. तिने नकार दिला आणि नोकरी गेली. अपील कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला : कायदा बदलता न येणाऱ्या गुणांचे रक्षण करतो, केसांचा पोत त्यात येतो, केसांची रचना येत नाही. 1981 चीच रेघ पुन्हा गिरवली गेली. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात लक्ष घालायला नकार दिला.

दरम्यान कोर्टाबाहेर बरेच बदलले होते. 2000 नंतरच्या दशकात यूट्यूबवर मुली एकमेकींना शिकवू लागल्या. रिलॅक्सर केलेले टोक एकाच दिवशी कापून टाकायचे त्याला 'बिग चॉप', हळूहळू वाढवत कापायचे ते 'ट्रान्झिशन'. आईच्या पिढीला स्वतःच्या केसांचा खरा पोत माहीतच नव्हता, कारण लहानपणीच तो सरळ केला गेला होता; मुलींनी आयांना शिकवले. 2022 मध्ये अमेरिकेतल्या 33 हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी रसायने वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण दुपटीहून अधिक दिसले. असे संबंध दिसले म्हणजे कारण सिद्ध झाले असे होत नाही, हे खरे. पण नोकरीसाठी केस सरळ करावे लागणे ही निव्वळ आवडीनिवडीची बाब उरत नाही, एवढे यातून नक्की दिसते.

कायदा या सगळ्यातून आला. फेब्रुवारी 2019 मध्ये न्यूयॉर्क शहराने मार्गदर्शक सूचना काढल्या, जुलैमध्ये कॅलिफोर्नियाने पहिला राज्य कायदा केला. त्यात 'वंश' या शब्दाच्या व्याख्येतच केसांचा पोत आणि प्रोटेक्टिव्ह स्टाइल घातली. रेघ पुसायची ती जिथे ओढली गेली तिथेच, म्हणजे व्याख्येत, हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

तरी फट राहिलीच. टेक्सासचा कायदा 1 सप्टेंबर 2023 ला लागू झाला. त्याच सुमारास ह्यूस्टनजवळच्या एका शाळेने लॉक्स ठेवणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर काढले. तो केस वर बांधून येत असे. शाळेचे म्हणणे, की सोडले तर ते भुवया आणि कानांच्या पाळ्यांखाली येतात. रचनेला हरकत नाही, लांबीला आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायाधीशांनी शाळेचे म्हणणे उचलून धरले, कारण कायद्यात लांबीचा शब्द नाही. लॉक्स कापले की वर्षांची वाढ जाते, आणि फार आखूड केसांचे लॉक्स धरतच नाहीत.

केंद्रीय विधेयक 2022 मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झाले, सिनेटमध्ये अडले. त्यामुळे 2016 चा निकाल अलाबामा, जॉर्जिया आणि फ्लोरिडा या तीन राज्यांतल्या केंद्रीय न्यायालयांवर आजही बंधनकारक आहे.