सुरांचे वादक आणि ड्रमची ओढ

तालमीच्या मधल्या सुट्टीत ड्रमवादक पाणी प्यायला उठला, की त्याच्या रिकाम्या स्टुलावर हमखास कुणीतरी जाऊन बसते. कधी तो पियानोवादक असतो, कधी गिटारवादक, तर कधी आपले व्हायोलिन पेटीत ठेवून आलेला कुणी. त्याला रीतसर ड्रम शिकायचे असतात असे नाही. पण काठ्या हातात घेऊन चार ठोके वाजवल्याशिवाय त्याला राहवत नाही, आणि ही ओढ वयाबरोबर सुटतही नाही. स्टीव्ही वंडर जगाला ठाऊक आहेत ते गायनासाठी आणि कीबोर्डसाठी, परंतु सत्तरच्या दशकातील त्यांच्या अनेक ध्वनिमुद्रणांत ड्रमही त्यांनीच वाजवलेले आहेत. बास गिटारच्या वादनाला नवे वळण देणारे जॅको पास्टोरियस मुळात ड्रमवादक होते. किशोरवयात खेळताना मनगटाला दुखापत झाली आणि त्यानंतर ते बास गिटारकडे वळले. संतूरवादक पंडित शिवकुमार शर्मा लहानपणी तबला शिकले होते, आणि संतूरच्या तारांवर पडणाऱ्या त्यांच्या कलमांत, म्हणजे वाजवायच्या लाकडी काड्यांत, तबल्याचा तो हात पुढेही जाणवत राहिला.

या ओढीचे एक कारण मेंदूत सापडते. ताल आपण कानाने ऐकतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. जेसिका ग्राहन आणि मॅथ्यू ब्रेट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसे स्कॅनरमध्ये निश्चल पडून निरनिराळे ताल ऐकत होती. तरीही ज्या तालात ठेका स्पष्ट जाणवत होता, तो ऐकताना हालचालींचे नियोजन करणारे मेंदूचे भाग, विशेषतः खोलवर असलेले बेसल गँग्लिया, अधिक सक्रिय झाले. म्हणजे ठेका ऐकणे ही मेंदूच्या दृष्टीने एक न केलेली हालचालच असते. ही क्षमता फार लवकर दिसते. २००९ मध्ये हंगेरीत दोन-तीन दिवसांच्या बाळांना झोपेत ड्रमचा एक ठेका ऐकवून त्यांच्या मेंदूतील विद्युत्-संकेत नोंदवण्यात आले. मधले एखादे कमी महत्त्वाचे आघात गाळले तेव्हा विशेष काही घडले नाही. पण समेचा ठोका गाळताच, अपेक्षित असलेले काही आले नाही याची खूण त्या नोंदींमध्ये उमटली.

तथापि, ठेक्याची जाण जवळजवळ सर्वांनाच असते. मग सुरांच्या वादकाला ड्रमचे एवढे वेगळे आकर्षण का वाटावे? माझ्या मते याचे उत्तर वाद्यांच्या रचनेत आहे. व्हायोलिनचा गज तारेवर फिरू लागला की स्वर तत्काळ पूर्ण उभा राहत नाही. तारेचे कंपन स्थिरावण्यास कित्येक मिलिसेकंद लागतात, त्यामुळे स्वर नेमका समेवर ऐकू यावा यासाठी वादकाला हाताची हालचाल किंचित आधी सुरू करावी लागते. पियानोत अडचण निराळी असते. पट्टी दाबली की आतली यंत्रणा हातोडीला तारेकडे फेकते, आणि तारेवर आदळण्यापूर्वीच ती हातोडी पट्टीच्या ताब्यातून सुटलेली असते. शेवटच्या त्या क्षणी वादकाच्या बोटाला करण्यासारखे काहीच उरत नाही. शिवाय सूर, त्याचा पोत आणि लय या तिन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी सांभाळायच्या असतात.

ड्रमवर यातले मधले काहीच नसते. काठी मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरायची आणि बाकीची बोटे सैल ठेवायची. जाणकार शिकवणारे पहिल्याच दिवशी सांगतात, की काठी मारायची नसते, पडू द्यायची असते. ताणलेला पडदा तिला परत वर फेकतो, आणि प्रत्येक उसळीत जेवढी ऊर्जा कमी होते तेवढीच बोटांनी भरून द्यायची असते. काठीचे टोक पडद्याला जेमतेम काही मिलिसेकंद टेकते, आणि आवाज त्याच क्षणी उमटतो. आयुष्यभर स्वराच्या आधी हात चालवत आलेल्या वादकाला हालचाल आणि आवाज असे एकाच ठिकाणी सापडतात, तेव्हा त्याला होणारा आनंद मला अगदी स्वाभाविक वाटतो.

सूर आणि ताल यांच्यातील नातेही आपण मानतो त्याहून जवळचे आहे. डाव्या हाताने सेकंदाला दोन आणि उजव्या हाताने सेकंदाला तीन ठोके वाजवले, तर दोनाविरुद्ध तीन अशी परिचित लयकारी ऐकू येते. हेच ठोके यंत्राच्या साहाय्याने शंभर पट जलद केले, तर सेकंदाला दोनशे आणि तीनशे आघात होतील आणि कानाला षड्ज व पंचम एकत्र ऐकू येतील. सेकंदाला साधारण वीसच्या पुढे आघात गेले, की कान ते सुटे ऐकणे सोडून देतो आणि तिथे त्याला सूर ऐकू येऊ लागतो.

बास गिटारवादक ड्रमकडे अधिक सहज वळत असावेत, असे मानायलाही आधार आहे. २०१४ मधील एका संशोधनात एकत्र वाजणाऱ्या दोन स्वरांपैकी खालचा स्वर थोडा आधी आला, तेव्हा ती चूक मेंदूने वरच्या स्वराच्या तशाच चुकीपेक्षा अधिक ठळकपणे टिपली. लयीचा भार खर्जातील वाद्यांवर पडतो, त्याचे मूळ आपल्या श्रवणयंत्रणेत आहे.

ड्रमवर लय उघडी पडते, आणि त्यात माणसाची छाप दिसते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घानातील एका व्यावसायिक तालवादकाचे मेट्रोनोमबरोबरचे (ठरावीक वेगाने टिकटिक करणाऱ्या यंत्राबरोबरचे) वादन मोजले गेले. त्याचे ठोके काही मिलिसेकंदांनी पुढे-मागे होत होते, परंतु ही चलबिचल यादृच्छिक नव्हती. आत्ताच्या ठोक्याच्या विचलनाचा संबंध बऱ्याच मागच्या ठोक्यांशीही लागत होता. यादृच्छिक चलबिचलीपेक्षा अशी चलबिचल असलेले संगीत श्रोत्यांनाही अधिक आवडले. संगणकावर प्रत्येक ठोका रेषेत बसवण्याची आज पडलेली सवय मला म्हणूनच खटकते.

शरीरालाही यातून काही मिळते. रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले, की ड्रम वाजवल्यावर, गायल्यावर किंवा नाचल्यावर माणसाची वेदना सहन करण्याची मर्यादा वाढते, मात्र नुसते संगीत ऐकल्याने तसे होत नाही. या बदलामागे एंडॉर्फिन ही शरीरातच तयार होणारी वेदनाशामक रसायने असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आणि वय? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४ ते ९५ वर्षे वयाच्या लोकांना स्वतःला सोयीचा वाटेल त्या वेगाने बोटाने ठोके देण्यास सांगितले होते. लहान मुलांचे ठोके जलद होते, आणि वाढत्या वयाबरोबर ते संथ होत गेले. विशीत त्या रिकाम्या स्टुलावर बसणारा पियानोवादक साठीत पुन्हा तिथे बसतो, तेव्हा दोन ठोक्यांमधले अंतर वाढलेले असते. संथ लय सारखी राखणे अधिक अवघड, कारण मधली मोकळी जागा मनातल्या मनात बारीक मात्रांनी भरून काढावी लागते. पण ते काम तो आपल्या पियानोवर चाळीस वर्षे करतच आलेला असतो.