शंखी गोगलगाय : मीठ, चुना, विष आणि वेळ

पावसाळ्यात कंपाउंडच्या चुना मारलेल्या भिंतीवर खरवडल्यासारखे पट्टे दिसू लागले, तर रंगाऱ्याला दोष देण्याआधी रात्री टॉर्च घेऊन एक फेरी मारा. शंख वाढवायला कॅल्शियम लागतं आणि ते मिळवण्यासाठी आफ्रिकन शंखी गोगलगाय चुना, सिमेंट, काहीही खरवडते. उभट, टोकदार, तपकिरी शंखावर गडद उभे पट्टे असतील तर ती हीच. चपटा, चकचकीत, पातळ शंख असलेल्या लहान गोगलगायी बहुधा इथल्याच असतात आणि त्या फारसं नुकसान करत नाहीत. त्यांना सोडून द्या.

ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंखप्रेमी इंग्रजाने मॉरिशसहून आणून ती कलकत्त्यात सोडली आणि तिथून ती पसरली. २०२२ मध्ये लातूर, बीड, उस्मानाबाद भागात तिने सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, तेव्हा तिचं नाव घरोघरी पोहोचलं. परसबागेत ती पपई, झेंडू, पालेभाज्या, वेलभाज्यांची रोपं असं जे कोवळं असेल ते खाते.

प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते, त्यामुळे मीलनानंतर दोघीही अंडी घालू शकतात. ओल्या, भुसभुशीत मातीत किंवा कुंडीच्या तळाशी एका वेळी साधारण शंभर ते चारशे अंडी, वर्षातून अनेकदा. अंडी पिवळसर पांढरी, साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी असतात. आठ-पंधरा दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि पाच-सहा महिन्यांत तीही अंडी घालू लागतात. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून मायामीला अशा तीन गोगलगायी नेल्या. आजीने त्या बागेत सोडल्या. पुढे त्यांची संख्या हजारोंत गेली आणि त्या संपवायला १९७५ उजाडलं.

म्हणून पहिल्या दमदार पावसानंतरचे दोन-तीन आठवडे सगळ्यात मोलाचे. उन्हाळाभर शंखाचं तोंड पापुद्र्याने बंद करून झोपलेल्या गोगलगायी तेव्हा भुकेल्या बाहेर पडतात, पण बहुतेकींनी अजून अंडी घातलेली नसतात. जूनमध्ये उचललेली एक गोगलगाय म्हणजे ऑगस्टमधली शेकडो पिल्लं टळली.

गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्यांच्या कडेला पसरा. खाली पपईची किंवा कोबीची पानं टाकली तर आणखी बरं. रात्री आणि पहाटे, ऊन चढायच्या आत, गोणपाट उलटून गोगलगायी वेचा. हातमोजे हवेतच, नाहीतर चिमटा घ्या. उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका जंताच्या अळ्या गोगलगायीत असू शकतात आणि त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. याच कारणाने पावसाळ्यात बागेतली पालेभाजी एकेक पान सुटं करून धुवावी आणि कच्ची खाऊ नये.

वेचलेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा दाट मिठाच्या पाण्यात बुडवा आणि मेल्यावर चुना टाकून खड्ड्यात पुरा. कचऱ्यात जिवंत टाकल्या तर त्या दुसऱ्याच्या बागेत जातात. रिकामे शंखही उघड्यावर ठेवू नका. त्यात पाणी साचून डेंग्यूचे डास वाढतात.

बरेच जण थेट वाफ्यात मीठ फेकतात. त्याने दोन-चार गोगलगायी मरतात आणि माती खारट होते, एवढंच. चुन्याचा बोटभर रुंद पट्टा कोरड्या जागी चालतो, पण भर पावसात तो धुऊन जातो. झाडांच्या खोडाला मात्र बोर्डो पेस्ट चांगली टिकते. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगळं विरघळवा आणि मग एकत्र ढवळा. मोरचूद लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात नको. घासलेला लोखंडी चाकू मिश्रणात क्षणभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर थोडा चुना वाढवा, नाहीतर खोडाची साल भाजेल. मग जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत पेस्ट लावा.

विषाची पाळी शेवटी. मेटाल्डिहाईडच्या २.५ टक्के गोळ्या एकरी २ किलो, म्हणजे गुंठ्याला फक्त ५० ग्रॅम. ढीग न घालता विखरून टाका. या औषधाने गोगलगाय भरमसाट चिकट द्रव सोडते आणि सुकून मरते. नेमकं म्हणूनच पावसात ते फसतं : ओल मिळाली की अर्धमेली गोगलगाय पुन्हा तरतरीत होते. उघडीप पाहून, संध्याकाळी टाका. कुत्र्यांना या गोळ्यांची चव आवडते आणि त्या त्यांच्या जिवावर बेततात, त्यामुळे घरात कुत्रा, मांजर किंवा रांगतं मूल असेल तर त्या आणूच नका, वेचणीवर भागवा.

गोगलगायी खाणारी दुसरी गोगलगाय आणून सोडावी, ही कल्पना हवाईत १९५५ मध्ये अमलात आणली गेली. तिने तिथल्या दुर्मिळ स्थानिक गोगलगायीच संपवत आणल्या. इथे तो प्रयोग नको.

बागेला पाणी संध्याकाळऐवजी सकाळी द्या, म्हणजे रात्री माती वरून कोरडी राहते. रोपवाटिकेतून कुंडी आणली की मातीचा गोळा बाहेर काढून तळाशी अंडी आहेत का ते पाहा. विकत घेतलेल्या शेणखताचीही तीच तपासणी. मार्च ते मे या काळात विटांची रास, जुनी कौलं, झावळ्या आणि पाचोळा हलवा. झोपलेल्या गोगलगायी तिथेच भिंतीच्या कडेला चिकटलेल्या सापडतात.