पोटखराबा

कोकणातल्या आमच्या सात-बाऱ्यावर सड्याचा, म्हणजे कातळी पठाराचा, तुकडा ‘पोटखराबा’ म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन म्हणून लागला आहे. मे महिन्यात त्यावरून अनवाणी चार पावलं टाकली की ते पटतंही. तापलेला काळपट कातळ आणि कुठे तरी एखादं करवंदीचं जाळं, बस्स.

हा कातळ म्हणजे जांभा. मुळात सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा खडक. त्यावर लाखो वर्षं ऊन-पाऊस पडला, पाण्याने त्यातली सिलिका धुऊन नेली आणि मागे राहिलं लोह नि ॲल्युमिनियम. लोह गंजलं, खडक तांबडा झाला. खाणीत ओला असताना तो सहज कापता येतो, वाऱ्यावर ठेवला की टणक होतो. म्हणून तर त्याचे बांधकामाचे चिरे पडतात. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात हे पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या पुस्तकात विटेच्या लॅटिन नावावरून त्याला ‘लॅटराइट’ म्हटलं.

श्रावणात मात्र सडा ओळखू येत नाही. बोटभर मातीत सीतेची आसवं फुलतात, जांभळी-निळी, करंगळीच्या नखाएवढी. दिसायला गरीब, पण आहे मांसाहारी! या मातीत नायट्रोजन जेमतेम. तेव्हा मुळांच्या जागी असलेल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या पाण्यातले सूक्ष्म जीव डोळ्याचं पातं लवायच्या आत ओढून घेतात. शेजारीच ‘दवबिंदू’ नावाचं दुसरं मांसाहारी रोपटं चिकट थेंब मिरवत डासा-चिलटांची वाट बघत असतं.

आणि याच कातळावर कुणी तरी हत्ती कोरून ठेवलाय. राजापूर तालुक्यात कशेळीला, सुमारे १८ मीटर लांब, पोटात कितीतरी प्राणी घेऊन. कोकणातल्या कातळशिल्पांत गेंडाही आहे. आज इथे गेंडा कुठला? कोरणाऱ्याने तो पाहिलेला असणार, एवढंच म्हणता येतं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कोकणातल्या अशा नऊ जागा गेल्या: उक्षी, जांभरूण, बारसू, देवीहसोळ, कुडोपी वगैरे आठ महाराष्ट्रातल्या, एक गोव्यातली. यादीत नसलेल्या सड्यांवर चिरेखाणी चालूच आहेत. आमचं घरही चिऱ्याचंच, त्यामुळे खाणवाल्यांना नावं ठेवताना माझी जीभ जरा अडखळते.

बघायला जाल तर सकाळी लवकर जा, नाही तर उन्हं कलल्यावर. तिरपा प्रकाश पडला की खोदलेल्या रेषांत सावली भरते आणि चित्र उठून दिसतं. भर दुपारी गेलात तर हत्तीच्या पोटावर उभे राहून विचाराल, हत्ती कुठाय?