कॉड मासा, दोन मित्रदेश आणि नाटोची मध्यस्थी

१९ फेब्रुवारी १९७६ रोजी आइसलँडने ब्रिटनशी असलेले राजनैतिक संबंध तोडले. दोन्ही देश १९४९ पासून उत्तर अटलांटिक करार संघटनेचे, म्हणजे नाटोचे, संस्थापक सदस्य होते आणि एकावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानण्याचे वचन त्यांनी एकमेकांना दिलेले होते. भांडणाचे कारण होते कॉड मासा. हा वाद तीन फेऱ्यांत सुमारे अठरा वर्षे चालला. लष्करी आघाडीतील दोन सदस्यच एकमेकांसमोर उभे ठाकले तर आघाडीला काय करता येते आणि काय करता येत नाही, हे समजून घेण्यासाठी याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

आइसलँडच्या हट्टामागे जीवशास्त्र होते. तेथील कॉड प्रामुख्याने नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ वसंत ऋतूत अंडी घालतो. अंडी आणि पिल्ले प्रवाहाबरोबर बेटाला वळसा घालत उत्तरेकडील थंड पाण्यात पोहोचतात आणि तेथे वाढतात. मासा प्रजननक्षम व्हायला साधारण सहा-सात वर्षे लागतात, त्यामुळे कोवळे मासे मोठ्या प्रमाणात पकडले गेले की त्याचा फटका काही वर्षांनी, पण जबर बसतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हेरिंग माशाचा साठा कोसळल्याचा अनुभव ताजा होता, आणि या देशाच्या निर्यातीचा मोठा हिस्सा मासळीचाच होता. १९७५ मध्ये सागरी संशोधन संस्थेने कॉडविषयी दिलेला गंभीर इशारा तेथे ‘काळा अहवाल’ म्हणूनच ओळखला जातो. आइसलँडने आपली मासेमारीची हद्द १९५८ मध्ये ४ वरून १२ सागरी मैल, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २०० सागरी मैल अशी वाढवत नेली.

ब्रिटनची बाजू लंगडी होती असे मात्र नाही. हल आणि ग्रिम्सबी या बंदरांची अर्थव्यवस्था दूरच्या पाण्यातील मासेमारीवर उभी होती, आणि जुलै १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही आइसलँडने एकतर्फी वाढवलेली ५० मैलांची हद्द ब्रिटनवर बंधनकारक नसल्याचा निर्णय दिला होता. आइसलँडने त्या न्यायालयात हजर राहण्याचेच नाकारले होते.

समुद्रावरील संघर्षाचे स्वरूप विलक्षण होते. आइसलँडला स्वतःचे सैन्य नाही; होती ती तटरक्षक दलाची मोजकी जहाजे. त्यांनी १९७२ पासून एक साधे अवजार वापरायला सुरुवात केली: जाड तारेच्या टोकाला बांधलेला, आतून धारदार पात्यांचा, नांगरासारखा आकडा. ब्रिटिश ट्रॉलर जाळे ओढत असताना तटरक्षक जहाज त्याच्या मागून आडवे जाई, पाण्यात सोडलेला आकडा जाळ्याच्या पोलादी दोरांना भिडे, दोर तुटत आणि जाळे मासळीसकट तळाला जाई. माणसाला इजा न करता खिसा कापणारे हे हत्यार होते. ट्रॉलरच्या रक्षणासाठी आलेल्या ब्रिटिश फ्रिगेटना, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकांना, मित्रदेशाच्या जहाजावर गोळी झाडणे शक्य नव्हते, म्हणून त्या मध्ये घुसून अडवत, आणि मग धडका होत. पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी बांधलेल्या फ्रिगेटचा पत्रा पातळ, तर तटरक्षक जहाजांची बांधणी भक्कम. तेव्हा धडकेत फ्रिगेटचेही बरेच नुकसान होई.

तरीही बलाढ्य ब्रिटन का झुकला, याचे उत्तर समुद्रावर नसून आइसलँडमधील केफ्लाविक येथील अमेरिकी तळावर सापडते. ग्रीनलँड, आइसलँड आणि ब्रिटन यांच्यामधील पट्ट्यातून सोव्हिएत पाणबुड्या अटलांटिकमध्ये उतरत, आणि त्यांच्यावर नजर ठेवण्यात या तळाचा मोठा वाटा होता. तळ बंद करू, नाटो सोडू, असे इशारे रेक्याविकमधून येऊ लागले की अस्वस्थता लंडनपेक्षा वॉशिंग्टनला अधिक वाटे. आघाडीतील प्रत्येक देशाला दोन भये असतात, असे राज्यशास्त्रज्ञ ग्लेन स्नायडर यांनी मांडले आहे: मित्र आपल्याला सोडून जाईल हे एक, आणि मित्राच्या भांडणात आपण नको तितके गुंतू हे दुसरे. आइसलँडने पहिल्या भयावर नेमके बोट ठेवले. शिवाय १९७१ ते १९७४ या काळातील तेथील आघाडी सरकारमध्ये तळाला विरोध करणारा डावा पक्ष होता, त्यामुळे ‘जनमत आम्हाला माघार घेऊ देणार नाही’ हे म्हणणे पोकळ वाटत नसे. दुबळ्याचे दुबळेपण वाटाघाटीत कधी कधी भांडवल ठरते, ते असे.

नाटोकडे अशा वेळी अधिकार फारसे नसतात. तेथे निर्णय मतदानाने नव्हे तर सर्वसंमतीने होतात आणि सदस्याला काढून टाकण्याची तरतूद करारात नाही. मात्र १९५६ मध्ये तीन परराष्ट्रमंत्र्यांच्या समितीने सुचवल्यानुसार सदस्यांनी आपसांतील वाद आधी संघटनेतच मिटवण्याचा प्रयत्न करावा आणि महासचिवांनी मध्यस्थीसाठी पुढे यावे, असा पायंडा ठरला होता. वादाच्या शेवटच्या दोन फेऱ्यांच्या वेळचे महासचिव, डच मुत्सद्दी जोसेफ लुन्स यांनी तो पुरेपूर वापरला. कॉड कुणाचा, या प्रश्नाच्या वाटेला ते गेले नाहीत. आधी फ्रिगेट हद्दीबाहेर जाव्यात, मग बोलणी व्हावीत, हा क्रम जुळवण्यावर त्यांचा भर राहिला. १९७३ मध्ये ते जमले. जानेवारी १९७६ मध्येही फ्रिगेट मागे गेल्या, आइसलँडचे पंतप्रधान गेइर हालग्रीमसन लंडनला जाऊन ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांना भेटले, पण बोलणी फिसकटली, फ्रिगेट परतल्या आणि संबंध तुटले.

राजदूत नसताना दोन्ही देशांचे मंत्री एकाच टेबलाशी बसू शकतील अशी जागा त्यानंतरही उरली होती, ती नाटोच्या बैठकांची. मे महिन्यात ऑस्लोला परराष्ट्रमंत्र्यांची बैठक भरली, यजमान नॉर्वेने मदत केली आणि १ जून १९७६ रोजी तेथेच करार झाला. ब्रिटनला दिवसाला सरासरी २४ ट्रॉलर पाठवण्याची मुभा मिळाली, तीही सहा महिन्यांपुरती. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी क्रॉसलंड हे ग्रिम्सबीचेच खासदार होते; आपल्याच मतदारांच्या पोटावर पाय देणारा करार त्यांना करावा लागला. पुढच्याच वर्षाच्या आरंभी ब्रिटनने स्वतःचे २०० मैलांचे मासेमारी क्षेत्र घोषित केले. भारताचा २०० मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्राचा कायदाही १९७६ चाच आहे, इतका तो विचार तोवर जगभर रुजला होता.

हा तोडगा निघू शकला याचे एक कारण माझ्या मते मासळीच्या स्वभावात आहे: ती टनांत, बोटींत, महिन्यांत वाटून घेता येते. ग्रीस आणि तुर्कस्तान या नाटोच्याच दोन सदस्यांमधील सायप्रस बेटाच्या वादाचे तसे नव्हते. १९७४ मध्ये तुर्कस्तानने तेथे सैन्य उतरवल्यावर ग्रीस नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर पडला आणि १९८० मध्येच परतला. मूळ प्रश्न आजही तसाच आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पूर्व भूमध्य समुद्रात याच दोन देशांच्या ‘लिम्नोस’ आणि ‘केमाल रेइस’ या युद्धनौका एकमेकींवर आदळल्या, तेव्हा नाटोने दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांना ब्रुसेल्समध्ये एकत्र बसवले. १ ऑक्टोबरला अशा धडका टाळण्यासाठीची एक यंत्रणा जाहीर झाली आणि तिच्यात दोघांमधील थेट दूरध्वनी दुव्याची सोय होती. सागरी हद्दींचा वाद त्या यंत्रणेच्या कक्षेबाहेरच ठेवण्यात आला.