फ्लुओरेसन्स आणि फॉस्फोरेसन्स: फरक केवळ वेळेचा नाही

हायलायटरची झगझगीत शाई आणि दिवा मालवल्यावरही हिरवट उजळत राहणारे घड्याळाचे काटे या दोहोंना सर्रास ‘फ्लोरोसेंट’ म्हटले जाते. दोन्ही पदार्थ बाहेरचा प्रकाश शोषतात आणि वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात, एवढे साम्य खरे आहे. परंतु शाईत घडतो तो फ्लुओरेसन्स आणि काट्यांवरच्या प्रकाशाला फॉस्फोरेसन्स म्हणतात. ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे प्रकाशाचा स्रोत बंद करून पाहणे. फ्लुओरेसन्स डोळ्यांना त्याच क्षणी थांबलेला दिसतो, कारण बहुतेक रेणूंमध्ये त्याचा कालावधी काही नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागांचा असतो. फॉस्फोरेसन्स मात्र मिलिसेकंदांपासून काही सेकंदांपर्यंत आणि काही स्फटिकांत तासन्‌तास टिकतो.

अनेकदा स्पष्टीकरण इथेच थांबते, आणि ते अपुरे आहे, कारण वेळ हा परिणाम आहे. कारण इलेक्ट्रॉनाच्या स्पिनमध्ये, म्हणजे दोनच दिशा असू शकणाऱ्या त्याच्या फिरकीसारख्या अंगभूत गुणधर्मात आहे. रेणूने प्रकाश शोषला की त्याचा एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. खाली असताना जोडीतील दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन परस्परविरुद्ध असतात, आणि वर गेल्यावरही ते तसेच राहिले तर त्या अवस्थेला सिंग्लेट म्हणतात. तिथून परतायला अडसर नसतो, त्यामुळे प्रकाश लगेच बाहेर पडतो. मात्र त्याआधी थोडी ऊर्जा रेणूच्या कंपनांत खर्च झालेली असल्याने त्याची तरंगलांबी शोषलेल्या प्रकाशापेक्षा सहसा जास्त भरते. जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 मध्ये क्विनाइनच्या द्रावणावर हेच दाखवले होते: अदृश्य अतिनील किरण आत जातात आणि निळा प्रकाश बाहेर येतो.

कधी कधी वर गेलेल्या इलेक्ट्रॉनाचे स्पिन उलटते आणि रेणू ट्रिप्लेट अवस्थेत, म्हणजे दोन्ही स्पिन एकाच दिशेला असलेल्या अवस्थेत उतरतो. आता परतायचे तर स्पिन पुन्हा उलटावे लागते, आणि पुंज यांत्रिकीच्या नियमांनुसार असे संक्रमण जवळजवळ निषिद्ध असते. म्हणूनच ते इतके रेंगाळते. ट्रिप्लेटची ऊर्जा सिंग्लेटपेक्षा कमी असल्यामुळे त्याच रेणूचा फॉस्फोरेसन्स त्याच्या फ्लुओरेसन्सपेक्षा तांबड्या बाजूला झुकतो. फॉस्फोरेसन्सचे मूळ ट्रिप्लेट अवस्थेत आहे, हे गिल्बर्ट लुईस आणि मायकेल काशा यांनी 1944 मध्ये मांडले. या रेंगाळण्याची किंमतही असते, कारण तेवढ्या अवधीत द्रवातील टकरी आणि विरघळलेला ऑक्सिजन ती ऊर्जा हिरावून घेतात. त्यामुळेच साध्या द्रावणात तापमान नेहमीचे असताना फॉस्फोरेसन्स क्वचित दिसतो, आणि प्रयोगशाळेत नमुना बहुधा द्रव नायट्रोजनमध्ये, सुमारे 77 केल्विनला गोठवून तो पाहतात.

घड्याळाच्या काट्यांबाबत एक बारकावा सांगायलाच हवा. युरोपियम आणि डिस्प्रोसियम मिसळलेल्या स्ट्राँशियम ॲल्युमिनेटसारख्या स्फटिकांत ऊर्जा स्फटिकातील दोषांमध्ये अडकते आणि उष्णतेने हळूहळू सुटते. हा मार्ग ट्रिप्लेटचा नाही, म्हणून काटेकोर लेखनात त्याला दीर्घस्थायी दीप्ती असे वेगळे नाव देणेच मला योग्य वाटते.

नावांमुळे गोंधळ आणखी वाढतो. पांढरा फॉस्फरस हवेत चमकतो तो ऑक्सिजनशी होणाऱ्या रासायनिक अभिक्रियेमुळे. तो फॉस्फोरेसन्स नव्हे. उलट ट्यूबलाइटच्या काचेवरील लेपाला फॉस्फर म्हणतात, तरी पाऱ्याच्या बाष्पातून येणारे अतिनील किरण दृश्य प्रकाशात बदलणारा तो दिवा फ्लुओरेसंट म्हणूनच ओळखला जातो.

हा फरक आज सर्वाधिक मोलाचा ठरला आहे तो ओएलईडी पडद्यांत, म्हणजे वीज दिल्यावर स्वतः उजळणारी सेंद्रिय द्रव्ये वापरणाऱ्या पडद्यांत. तिथे रेणूंना ऊर्जा प्रकाशातून नव्हे, तर विजेतून मिळते, आणि स्पिनच्या गणितानुसार एका सिंग्लेटमागे तीन ट्रिप्लेट तयार होतात. केवळ फ्लुओरेसंट द्रव्य वापरले तर ते तीन हिस्से बहुतांशी उष्णतेत वाया जातात. इरिडियमसारखा जड अणू रेणूत बसवला की स्पिन उलटण्याची बंदी सैल होते, आणि ट्रिप्लेटमधूनही मिलिसेकंदाच्या अगदी लहान अंशात प्रकाश मिळतो. तांबड्या आणि हिरव्या रंगांसाठी अशी फॉस्फोरेसंट द्रव्ये रुळली. निळ्या रंगाच्या फोटॉनची ऊर्जा जास्त असल्याने तिथे रेणू लवकर झिजतो, म्हणून निळ्यासाठी अनेक पडद्यांत फ्लुओरेसंट द्रव्यच वापरले जाते.