जागा असूनही फाईल का जात नाही? ४ जीबीच्या मर्यादेची पार्श्वभूमी

बेळगावातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्र उलटली तरी संपत नाही. मंडळाला सगळं शूटिंग सलग, एकाच फाईलमध्ये हवं असतं. एडिटिंग होऊन ९ जीबीची फाईल तयार होते, ३२ जीबीचा नवा पेनड्राईव्ह लावला जातो आणि कॉम्प्युटर सांगतो की ही फाईल इथं मावणार नाही. "अहो दादा, सगळा ड्राईव्ह रिकामा हाय, मग फाईल का जाईना?" हा प्रश्न आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांना नेहमीचा आहे. लोक ड्राईव्ह खराब निघाला असं धरून तो बदलायला दुकानात जातात. ड्राईव्हचा यात काही दोष नसतो. अडचण आहे ती त्यावरच्या फॅट३२ या फाईल सिस्टिमची, म्हणजे ड्राईव्हवर फाईली कुठं आणि कशा ठेवायच्या त्या पद्धतीची, आणि तिचं मूळ फ्लॉपीच्या काळात आहे.

फॅट३२ ज्यातून आली त्या फॅटचा पहिला आराखडा १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनल्ड यांनी केला. १९८० मध्ये टिम पॅटरसन यांनी ती कल्पना आपल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये घेतली आणि १९८१ मध्ये तीच सिस्टिम डॉस म्हणून आयबीएम पीसीवर आली. त्यात प्रत्येक फाईलची ३२ बाइटची एक नोंद असते. नाव, तारीख, फाईल कुठून सुरू होते आणि किती मोठी आहे, एवढं त्यात लिहिलेलं असतं. आकार लिहायला जागा ४ बाइटची. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. पीसीची तेव्हाची फ्लॉपी १६० केबीची होती. एवढी मोठी फाईल ठेवायची तर तशा २६ हजारांहून जास्त फ्लॉपी लागल्या असत्या. त्या वेळी ४ बाइट पुष्कळच होते, त्या मंडळींना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पुढची पंधरा वर्षं ही मर्यादा कुणाला जाणवलीच नाही. १९८४ च्या फॅट१६ या पुढच्या आवृत्तीत अख्खं पार्टिशनच, म्हणजे डिस्कचा एक सलग भागच, आधी ३२ एमबीपर्यंत आणि नंतर डॉसमध्ये २ जीबीपर्यंत होत असे. ऑगस्ट १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ आली आणि ड्राईव्ह २ टीबीपर्यंत वाढवता येऊ लागला. पण फाईलच्या नोंदीतले ते ४ बाइट तसेच राहिले. खोली मोठी झाली, दार तेवढंच राहिलं.

आपल्याकडे लग्नाची कॅसेट गेली, सीडी आली, मग डीव्हीडी. डीव्हीडीवर व्हिडिओ मुळातच १ जीबीच्या तुकड्यांत असतो, त्यामुळे तेव्हाही काही अडलं नाही. टीव्हीला यूएसबी आलं, डीव्हीडी प्लेअर माळ्यावर गेला, सबंध लग्न एका फाईलमध्ये मागितलं जाऊ लागलं आणि मग मात्र हे दुखणं घरोघरी पोचलं. कॅमेऱ्यातही तेच. ३२ जीबीपर्यंतच्या एसडीएचसी कार्डावर फॅट३२ असते. सेकंदाला २४ मेगाबिटने शूटिंग केलं, तर साधारण २४ मिनिटांत ४ जीबी भरतात आणि कॅमेरा तिथून पुढे नवी फाईल सुरू करतो. मंगलाष्टकांच्या मधोमध असं झालं की अंतरपाट एका फाईलमध्ये आणि अक्षता दुसरीत. एडिटिंग करताना ते तुकडे जोडून घ्यावे लागतात.

यावरचा उपाय फॅट३२ च्याही आधीचा आहे. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस ही वेगळी फाईल सिस्टिम आली, तिला ४ जीबीची अडचण नाही. विंडोजमधली कन्व्हर्ट ही कमांड फॅट३२ ड्राईव्ह आतला डेटा न पुसता एनटीएफएस करते. मूळ फाईली जागच्या जागी राहतात आणि नव्या नोंदी रिकाम्या जागेत लिहिल्या जातात. म्हणून ड्राईव्ह काठोकाठ भरलेला नको, आणि मध्येच वीज गेली तर काय, हा विचार करून आधी दुसरीकडे कॉपी हवीच. लग्नाचं शूटिंग पुन्हा होत नाही. शिवाय ही वाट एकेरी आहे. परत फॅट३२ हवी तर फॉरमॅटच करावं लागतं.

दुसरा उपाय एक्सफॅटचा. ४ जीबीची अडचण नसलेली ही फाईल सिस्टिम मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये पेनड्राईव्ह आणि कार्डांसाठीच आणली. ३२ जीबीच्या वरच्या एसडीएक्ससी कार्डांनी तीच घेतली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तिचा तपशील खुला केला आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्येही ती आली. मात्र कन्व्हर्टने एक्सफॅट होत नाही; फाईली बाजूला काढून फॉरमॅट करावं लागतं.

आपल्या भागात नवरी खानापूरची आणि नवरा चंदगडचा हे रोजचंच. एकच पेनड्राईव्ह दोन्ही घरच्या टीव्हीवर चालायला हवा, आणि जुने टीव्ही बरेचदा फॅट३२ शिवाय काही ओळखत नाहीत. एक्सफॅट ड्राईव्ह लावला की पडद्यावर काहीच येत नाही आणि बोल स्टुडिओला लागतो. माझं मत असं की देताना दोन प्रती द्याव्यात: मूळ मोठी फाईल एक्सफॅट किंवा एनटीएफएसवर, आणि घरच्यांनी बघायची, ४ जीबीच्या आतल्या भागांत कापलेली प्रत फॅट३२ वर. कापताना मात्र विधी संपेल तिथंच कापावं.